एक ओढा, तीन हद्दी: संरक्षित पट्ट्याचा मसुदा लिहिताना अडले आहे

ओढ्याकाठची:

नमस्कार मंडळी. जरा लांबण लावते, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचा ओढा उगमापासून नदीला मिळेपर्यंत साधारण १४ किलोमीटरचा. वरचे सातेक किलोमीटर एका पंचायतीत, मधले साडेतीन-चार आमच्या पंचायतीत आणि खालचा उरलेला भाग नगरपालिकेत. मी मधल्या पंचायतीची सदस्य. ओढ्याच्या दोन्ही काठांना एक सलग पट्टा राखायचा, त्यात बांधकाम नाही, भराव नाही, राडारोडा नाही, झाडतोड नाही, आणि हे तिघांनी मिळून एकाच आराखड्यात बसवायचं, इथवर तिन्ही सभागृहांनी मान्यता दिली आहे. प्रत्येकाचे दोन अशी सहा जणांची समिती झाली. मसुदा लिहायचं काम मी मागून घेतलं, कारण याच ओढ्याच्या डोहात मी पोहायला शिकले. तो डोह आता गाळाने भरून गुडघाभर राहिला आहे.

चार बैठका झाल्या आणि चारही एकाच जागी अडल्या. वरच्या पंचायतीचे सदस्य म्हणतात, "पूर तुमच्याकडे येतो, आमच्याकडे नाही. निम्मा ओढा आमच्या हद्दीत, म्हणजे निम्मी जमीन आम्ही सोडायची, आणि कोरडे राहणार खालचे." त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. जमीन सोडणारे तिथले शेतकरी आमच्यापेक्षा आणि शहरापेक्षा गरीब आहेत. नगरपालिकेकडे पैसा आहे, अभियंते आहेत, पण त्यांच्या डोळ्यासमोर दोन्ही बाजूंना आरसीसी भिंत, वर फरशी आणि दिवे हेच चित्र आहे. आमच्या पंचायतीत जुनीजाणती मंडळी म्हणतात, आधी वरचे आणि खालचे काय करतात ते पाहू, मग आपण ठरवू.

गेल्या पावसात मी आमच्या आणि शहराच्या हद्दीवरच्या मोरीपाशी उभी होते. मोरीच्या वरच्या अंगाला पाणी पोटरीएवढं, निवांत चाललं होतं. खालच्या तोंडातून तेच पाणी पांढरंफेक होऊन खाली पडत होतं. पडतं तिथे कमरेएवढा खड्डा झाला आहे आणि मोरीचा पाया उघडा पडून त्याखाली हात घालता येईल एवढी फट दिसते. त्याच्या खाली दहाएक पावलांवर हद्दीचा दगड आहे. माझ्या लहानपणी तो काठावर, उंबराच्या सावलीत होता. आता उंबरही नाही आणि दगड पात्राच्या मधोमध आडवा पडला आहे, वरून पाणी वाहतंय.

मला या गोष्टींवर अनुभवी माणसांचं मत हवं आहे. पट्ट्याची रुंदी सगळीकडे एकच धरायची की जागेप्रमाणे? खर्च कसा वाटायचा: लांबीवर, लोकसंख्येवर, की ऐपतीवर? पुढच्या निवडणुकीनंतर तिघांपैकी एकाने ठराव फिरवला तर बाकी दोघांनी काय करायचं? आणि काठच्या शेतकऱ्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यात माझे सख्खे काकाही आहेत. त्यांचं सगळं शेत काठाला लागून आहे.

कृपया "जनजागृती करा" एवढंच लिहू नका. मसुद्यात शब्द घालता येतील असं काही सांगा.


जुना_भूमापक:

ताई, आयुष्यभर मोजणीच्या कामात होतो, बहुतेक सगळी ओढे-नाल्यांच्या काठाने. त्या हक्काने सांगतो: पाचवी बैठक घेऊ नका. सहाही जण ओढ्याने चालत जा. आणि खालून वर जा, संगमापासून उगमाकडे.

खालून वर का, ते सांगतो. तुमच्या मोरीखालचा तो खड्डा मोरीतून पडणाऱ्या पाण्याने झाला असं सगळ्यांना वाटत असेल. पडत्या पाण्याने तो वाढला हे खरं, पण मुळात पाण्याला तिथे पडायला उंची कुठून मिळाली? खालचा तळ खाली गेला म्हणून. शहरात कधीतरी ओढा सरळ केला असणार, वळणं कापली असणार किंवा पोकलेन लावून तळ उपसला असणार. वळणं कापली की उंचीतला तेवढाच फरक उतरायला लांबी कमी उरते. उतार वाढतो, पाण्याचा जोर वाढतो आणि पाणी तळ खायला लागतं. मग तळात एक पायरी तयार होते. ही पायरी प्रवाहाच्या उलट चालते. पाणी तिच्या ओठावरून पडतं, तिच्या मुळाशी माती सैल होते, ओठ ढासळतो आणि पायरी हातभर वर सरकते. पावसाळ्यामागून पावसाळे हे चालू राहतं. तळ खोल गेला की काठ उंच आणि उभे होतात, त्यांना स्वतःचं वजन पेलत नाही, ते कोसळतात आणि पात्र रुंदावतं. तुमचा उंबर असाच गेला. दगड पात्रात गेला तोही असाच.

तुमची मोरी ही त्या पायरीच्या वाटेतली धोंड आहे. ती आहे म्हणून तुमचा तळ अजून वर आहे. उद्या मोरी वाहून गेली, किंवा कुणी नवी मोरी खालच्या पातळीवर बांधली, की पायरी तुमच्या गावात शिरलीच. आणि तुमच्या गावात थांबायला तिला काय कारण? पूर खाली जातो, पण तळाचं खचणं वर चढतं. हे वरच्या पंचायतीला बैठकीत बसून पटणार नाही. ओढ्यात उभं राहिल्यावर पटेल. ओढ्याचा तळ खोल गेला की काठच्या जमिनीतलं पाणी ओढ्याकडे निथळतं आणि जवळच्या उथळ विहिरींची पातळी उतरते, हेही त्यांच्या कानावर घाला.

दुसरं, नकाशे. तिन्ही संस्थांचे नकाशे एकमेकांशेजारी लावून हद्दीवर ओढ्याची रेघ जुळते का ते पाहा. एका कामात मी दोन कार्यालयांचे नकाशे जोडले, तर हद्दीच्या एका बाजूने नाल्याची मध्यरेषा एकीकडे आणि दुसऱ्या बाजूने ११ मीटर सरकलेली. ज्याने त्याने आपलाच कागद पाहिला होता. त्या ११ मीटरच्या फटीत एकाला रीतसर बांधकामाची परवानगी मिळाली होती, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्याच घराची मागची भिंत गेली. घर बांधणाऱ्याने कुठलाच नियम मोडला नव्हता. तो माणूस माझ्यासमोर कागद घेऊन उभा होता आणि माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

म्हणून मसुद्याचं पहिलं कलम असं असू द्या: एकच मोजणी, एकाच बेंचमार्कवरून (म्हणजे पक्क्या उंचीच्या एकाच खुणेवरून), उगमापासून संगमापर्यंत तळाच्या पातळ्या आणि ठरावीक अंतरावर आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतच्या पातळ्या. तिघांच्या सह्यांचा तो एकच नकाशा ठरावाला जोडायचा. तिघांचे तीन वेगळे नकाशे जोडायचे नाहीत. हद्दही "ओढ्याच्या मधोमध" अशी लिहू नका. ओढा सरकतो. हद्दीचे बिंदू मोजून, आकड्यांत लिहा.

तो पडलेला दगड कुणाला उचलू देऊ नका. जुन्या नकाशावर त्याची जागा असेल. तिथून आजच्या काठापर्यंत मोजलं की काठ किती सरकला याचा हिशोब तुम्हाला फुकटात मिळेल.


सलग_हिरवं:

भूमापक काकांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी नगररचनेत काम करते, तेव्हा संस्था आणि पैसा या बाजूने लिहिते.

वरच्यांनी जमीन का द्यायची, हा प्रश्न फार जुना आहे. न्यूयॉर्क शहरातली ब्राँक्स नदी उत्तरेकडून, वेस्टचेस्टर काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वाहत येते. १९०७ साली शहर आणि काउंटी यांचा संयुक्त आयोग कायद्याने स्थापन झाला, नदीकाठची जमीन घेऊन ती साफ आणि राखीव करण्यासाठी. खर्चाची वाटणी पाहा: शहराने तीन चतुर्थांश आणि काउंटीने एक चतुर्थांश. जमीन बरीचशी वरच्या काउंटीत होती, पैसा बराचसा खालच्या शहराचा होता. वाटणी लांबीवर केली असती तर ती कधी मान्य झाली नसती. पण याच उदाहरणात धोक्याची खूणही आहे. त्या राखीव पट्ट्यातून मोटारींचा रस्ता काढला गेला, तो १९२५ पर्यंत पुरा झाला, आणि रस्त्याच्या सोयीसाठी जागोजागी नदीच वळवली गेली. म्हणून पट्ट्यात काय चालणार नाही हे आजच नावानिशी लिहा: रस्ता नाही, भिंत नाही, वाहनतळ नाही. नुसतं "विकास योजना" असं लिहिलंत तर त्यात उद्या काहीही बसवता येईल.

दुसरं उदाहरण कॅनडातलं. ओंटारिओ प्रांतात १९४६ साली कायदा झाला की एका पाणलोटातल्या नगरपालिकांना मिळून संवर्धन प्राधिकरण काढता येईल. त्याचं मोल खऱ्या अर्थाने कळलं ते १९५४ च्या ऑक्टोबरात. हेझल वादळाचा पाऊस टोरांटोवर कोसळला. कॅनडात ८१ माणसं गेली, त्यातली ३५ हंबर नदीकाठच्या रेमोर ड्राइव्ह या एकाच रस्त्यावरची, एका रात्रीत. १९५७ मध्ये त्या परिसरातली चार प्राधिकरणं एकत्र करून एक केलं, पूरमैदानातल्या जमिनी विकत घेतल्या आणि तिथे पुन्हा घरं होऊ दिली नाहीत. रेमोर ड्राइव्हचा तो भाग आज उद्यान आहे. तिथे सदस्य नगरपालिकांची वर्गणी मालमत्तेच्या करमूल्याच्या प्रमाणात ठरते, म्हणजे ज्याच्याकडे इमारती जास्त त्याचा वाटा जास्त. तुमच्याकडेही हेच न्याय्य ठरेल असं मला वाटतं, कारण ओढ्यात पाणी जोराने लोटणारी छपरं आणि डांबर शहरातच जास्त आहे. पाणलोटातली दहाएक टक्के जमीन छपरं-रस्त्यांखाली गेली की ओढ्यात बिघाड दिसायला लागतो, असा नियोजनात वापरला जाणारा ठोकताळा आहे.

ठराव फिरवण्याबद्दल: तीन वेगळे ठराव तीन वेगळ्या शब्दांत झाले तर ते फिरवणं सोपं जातं. एकच मजकूर, एका शब्दाचाही फरक नाही, आणि तो तिघांच्याही विकास आराखड्यात घातलेला, असं करा. त्यात हे असू द्या: पट्ट्यातल्या कोणत्याही परवानगीचा अर्ज आला की तो निर्णयाआधी बाकी दोघांकडे जाईल आणि त्यांचं लेखी मत फायलीला लागेल. पट्ट्याची रेघ बदलायची तर तिघांची संमती लागेल. बाहेर पडायचं असेल तर दोन वर्षांची सूचना द्यावी लागेल, आणि तोवर वर्गणी चालू राहील. बाहेर पडणं अशक्य करू नका, तसं कुणी सही करणार नाही. बाहेर पडायला वेळ लागेल एवढं करा.

टिकण्याबद्दल एक उदाहरण माझ्या फार आवडीचं आहे. जर्मनीतली एम्शर नदी. कोळशाच्या खाणींमुळे तिथली जमीन खचायची, भूमिगत गटारं टाकली तर तुटायची, म्हणून नदीलाच उघडं गटार केलं. पण ते एकेका गावाला झेपणारं काम नव्हतं. म्हणून १८९९ साली काठच्या नगरपालिका, खाणी आणि कारखाने यांनी मिळून एकच संस्था काढली. घाण सोडणारेही तिचे सभासद आणि वर्गणीदार. ती संस्था आजही आहे. जिने नदीचं गटार केलं तिनेच १९९२ पासून ती पुन्हा नदी करायला घेतली, डॉर्टमुंडपासून डिन्स्लाकेनपर्यंत ५१ किलोमीटरची भूमिगत सांडपाणी वाहिनी टाकली आणि २०२१ अखेर नदीत सांडपाणी जाणं बंद झालं. १८९९ पासून आजवर दोन महायुद्धं झाली, सरकारं किती बदलली त्याला गणतीच नाही. वर्गणी, कचेरी आणि दप्तर स्वतंत्र होतं म्हणून ती टिकली. तुमच्या समितीला आज कचेरी नसेल तर निदान एक स्वतंत्र बँक खातं आणि एक पगारी माणूस मसुद्यात मागाच.

रुंदीबाबत: एक किमान आकडा सगळीकडे सारखा, आणि जिथे पूर पसरतो, ओढा वळतो किंवा झरे आहेत तिथे तो वाढवायचा. काठापासून ३० मीटरच्या आसपास झाडांचा पट्टा असेल तर गाळ, खतांतला नायट्रोजन आणि पाण्याचं तापणं या तिन्हींवर चांगला परिणाम होतो, असा संशोधनाचा एकंदर कल आहे. वरच्या बारक्या ओहोळांना विसरू नका. कोणत्याही ओढ्याच्या जाळ्याची निम्म्याहून जास्त लांबी या ओहोळांतच असते आणि नकाशात तेच सुटतात.


काठावरचा:

माझी जमीन अशाच एका ओढ्याला लागून आहे. दुसऱ्या ठिकाणी, पण गोष्ट तीच. माझा विरोध नाही. ओढा मेला तर शेत मरतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण जे झालं ते लिहितो.

आमच्याकडे पट्टा जाहीर झाला तेव्हा सांगितलं, जमीन तुमचीच, फक्त बांधकाम करायचं नाही. आम्ही सह्या केल्या. तीन वर्षांनी त्याच पट्ट्यातून फिरायला फरशीचा रस्ता आला. कुंपण काढलं. मोटरीकडे जायची माझी वाट त्या रस्त्याने तोडली, तर म्हणाले अर्ज करा. अर्ज दोन कार्यालयांच्या मध्ये फिरला, कारण माझं शेत एका हद्दीत आणि मोटर दुसऱ्या हद्दीत. एक उन्हाळा मी डोक्यावर पाइप घेऊन वळसा मारला. वाळलेलं झाड तोडायलाही परवानगी, आणि ते झाड पिकावर पडलं तर भरपाई कुणाकडे मागायची याला उत्तर नाही.

तेव्हा ताई, तुमच्या काकांना काय करता येणार नाही याची यादी आधी देऊ नका. काय करता येईल ते आधी लिहा. गवत कापता येईल का? गुरं पाण्यावर कुठून उतरतील? मोटर कुठे बसेल, तिची वाट किती रुंद, आणि ती वाट कायमची राहील हे कुणाच्या सहीने? पट्ट्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागात फळझाडं चालतील का? पुरात वाहून आलेलं प्लास्टिक माझ्या बांधावर अडकलं तर ते उचलणार कोण? हे सगळं सहीच्या कागदावर पाहिजे. तोंडी नको.

आणि एक प्रश्न भूमापक काकांना. पट्टा काठापासून मोजणार म्हणता. काठ ढासळला की काठच माझ्या शेतात सरकतो. मग पट्टाही सरकणार का? म्हणजे जमीन आधी ओढ्याने न्यायची आणि तेवढीच परत पट्ट्याने?


जुना_भूमापक:

तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि मी तो आधीच लिहायला हवा होता. पट्टा चालू काठापासून मोजायचा नाही. मोजणीच्या दिवशीच्या काठाची रेघ पक्की करायची, ठरावीक अंतरावर दगड रोवायचे आणि पट्टा त्या रेघेपासून धरायचा. दहा वर्षांनी फेरमोजणी. तोवर काठ आत आला तर ढासळलेली जमीन पट्ट्याच्या रुंदीतच धरायची, शेतकऱ्याकडून नव्याने काही घ्यायचं नाही. मोजणीच्या दिवशी खातेदार हजर हवा आणि त्याच्या सहीची प्रत त्याच्याच घरात राहायला हवी.


पायवाट:

शहराच्या बाजूने थोडं बोलते, कारण इथे कुणीच बोललं नाही. फरशी आणि भिंत मलाही नको आहे. पण जिथे माणसं जात नाहीत त्या काठावर रात्री राडारोड्याचे डंपर रिकामे होतात, हे मी आमच्या ओढ्यावर डोळ्यांनी पाहिलं आहे. लोक रोज चालत असतील तर कुणीतरी फोन करतो, कुणीतरी फोटो काढतो. शहरातल्या करदात्याने तीन चतुर्थांश पैसा द्यावा असं वाटत असेल तर त्याला ओढा दिसला पाहिजे, त्याच्या मुलांना पाण्यात पाय घालता आले पाहिजेत.

मधला मार्ग असा निघू शकतो: वाट एकाच काठाने, पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, मातीची, पाणी मुरेल अशी. दुसरा काठ पूर्ण शांत. पाण्यापर्यंत उतरायला ठरावीक तीन-चार जागा. आणि वरच्या गावांत वाट नकोच, तिथे शेतीच राखण करते.


अरवरीप्रेमी:

एवढंच जोडतो. राजस्थानातल्या अरवरी नदीकाठच्या ७२ गावांनी मिळून नदीची संसद केली. तिला कायद्याचा आधार नव्हता. जास्त पाणी पिणारी पिकं कुठे घ्यायची नाहीत, झाडांचं आणि माशांचं काय करायचं, हे गावांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठरवत गेले. त्याआधी वर्षानुवर्षं त्याच गावांनी श्रमदानाने जोहड, म्हणजे मातीचे बंधारे, बांधले होते. नियम पाळले गेले ते त्या कामामुळे, असं माझं मत आहे. तुमच्या सहा जणांनीही आराखडा मंजूर होण्याची वाट न पाहता एक छोटं काम तिघांनी मिळून करून टाका. एखादा ओहोळ निवडा आणि तिन्ही गावांची माणसं तिथे एक दिवस एकत्र राबू द्या.


ओढ्याकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही चाललो. सहापैकी पाच जण आले, शिवाय वरच्या गावचे दोन शेतकरी आणि माझे काका. सकाळी साडेसहाला संगमापासून निघालो आणि दुपारी अडीचला वरच्या हद्दीत पोचलो. उगमापर्यंत जमलं नाही, उरलेलं पुढच्या रविवारी.

जे पाहिलं ते लिहिते, कारण त्यातलं एक मला अपेक्षित नव्हतं.

मोरीखालची पायरी सगळ्यांनी पाहिली. नगरपालिकेच्या अभियंत्यांनी तिथेच सांगितलं की खालची दोन वळणं पूर्वी सरळ केली आहेत, आणि ही मोरी मोठी करण्याचा प्रस्ताव त्यांच्याकडे पडून आहे. त्या प्रस्तावात नव्या मोरीचा तळ आजच्यापेक्षा खाली धरला आहे. भूमापक काका, तुमचं वाक्य मी त्यांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते बराच वेळ त्या फटीत वाकून पाहत होते. मग म्हणाले, प्रस्ताव परत घेतो, तळ आहे त्याच पातळीला ठेवून पाणी टप्प्याटप्प्याने उतरेल असं दगडी बांधकाम खालच्या अंगाला बघतो. हद्दीचा दगडही मोजला. जुन्या नकाशातल्या जागेपासून आजचा काठ आमच्या बाजूला सव्वाचार मीटर सरकला आहे.

अपेक्षित नव्हतं ते पुढे होतं. आमच्या गावाच्या वरच्या टोकाला, पाच वर्षांपूर्वी आमच्याच पंचायतीने ओढ्याचं खोलीकरण केलं होतं. पाणी साठेल म्हणून आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मीही तेव्हा ट्रॅक्टरपुढे नारळ फोडायला उभी होते. उकरलेला भाग जिथे संपतो तिथून पुढे तळ सपाट असायला हवा होता. तसा तो नाही. खोदलेल्या जागेच्या वर, मोजून ६२ पावलांवर, गुडघाभर उंचीची ताजी पायरी आहे. तिच्या ओठावर गवताची मुळं लोंबत होती आणि त्यांतून माती ठिबकत होती. दोन्ही काठांना भेगा पडल्या आहेत, एका भेगेत माझा पंजा मनगटापर्यंत गेला. ती पायरी आमच्या हद्दीत नाही. ती वरच्या गावात गेली आहे.

म्हणजे वरच्या गावाला आम्ही खालून पोखरतो आहोत, आणि चार बैठका मी त्यांना समजावत होते की तुम्ही खालच्यांचा विचार करा.

वरच्या गावच्या एका शेतकऱ्याची विहीर त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर आहे. त्यांनी पायरीकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं आणि विचारलं, "हिला तिथवर यायला किती वर्षं लागतील?" कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी तिथेच सांगितलं की हे आमच्या कामामुळे झालं आहे, पुढच्या सभेच्या इतिवृत्तात मी ते लिहून घेणार आहे आणि पायरी थांबवायचा दगडी बांध आमच्या पंचायतीच्या पैशातून होईल यासाठी मी भांडेन. आमचे दुसरे प्रतिनिधी नाराज झाले. सध्या ते माझ्याशी बोलत नाहीत.

परतताना काका म्हणाले, मोटरीची वाट आणि गुरांची उतरण लिहून देणार असशील तर सही करतो, पण मोजणीला मी स्वतः उभा राहणार. काठावरचा दादा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला होता. तुमचे सगळे प्रश्न एकेक करून मसुद्यात घेतले आहेत. शेतकऱ्याला काय करता येईल हे कलम आता मनाईच्या कलमाच्या आधी येतं. खर्चासाठी करमूल्याचं प्रमाण लिहिलं आहे, नगरपालिका त्यावर काय म्हणेल ते पुढच्या बैठकीत कळेल. पायवाटेबद्दल एका काठाची सूचना सर्वांना पटली, फक्त कोणता काठ यावर अजून एकमत नाही.

आणि अरवरीवाले दादा, तिघांनी मिळून करायचं पहिलं काम ठरलं. पायरीच्या ओठाशी दोन्ही काठांना आणि वरच्या अंगाला दहा पावलांवर असे तीन लोखंडी खुंटे आम्ही आज सकाळी ठोकले. तिन्ही संस्थांचा एकेक माणूस हजर होता. खुंट्यांना लाल रंग दिला आहे. ओठापासून प्रत्येक खुंट्याचं अंतर टेपने मोजून तिघांच्या वहीत लिहिलं आहे. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी तेच तिघं जाऊन पुन्हा मोजतील. आकडे आले की इथे टाकते.